फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची नेमकी वेळ आणि प्रक्षेपण: तुम्ही कसं तपासता?

मध्यरेषा (धागाकर्ती)

आमचा फुटबॉलवेड्यांचा कंपू आता चार ठिकाणी विखुरलाय: भारत, जर्मनी, न्यूझीलंड आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा. २०२६ चा विश्वचषक सगळ्यांनी एकाच वेळी, फोनवर बोलत बोलत बघायचा असं ठरलंय. ११ जून ते १९ जुलै, ४८ संघ, १०४ सामने, तीन यजमान देश, १६ शहरं. सगळ्यांसाठी वेळापत्रक करायचं काम मी अंगावर घेतलंय आणि ते मला चोख करायचंय.

अडचण अशी, की एका ठिकाणी मैदानावरची वेळ दिलेली असते, दुसरीकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची आणि तिसरीकडे माझ्या फोनप्रमाणे आपोआप बदललेली. यातली नेमकी कुठली, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. ऑस्ट्रिया-जॉर्डन सामना बघा. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या मैदानावर तो १६ जूनला रात्री ९ वाजता आहे. त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये १७ जूनचे रात्रीचे १२ वाजलेले असतात. व्हिएन्नात १७ जूनची सकाळ, ६ वाजलेले. अम्मानमध्ये ७, भारतात साडेनऊ आणि न्यूझीलंडमध्ये दुपारचे ४. म्हणजे नुसती वेळच नाही, तारीखसुद्धा दोन यादींत दोन प्रकारे छापलेली सापडते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात!

तर प्रश्न दोन. वेळ पक्की करायची तुमची पद्धत काय? आणि आपापल्या देशात सामना कुठे दिसणार, हे वेळेआधी खात्रीनं कसं कळतं?

डावा_पाय

एवढा कशाला त्रास? अधिकृत ॲप घ्या, ते फोनची वेळ बघून सगळं आपोआप दाखवतं. चौघांनी आपापल्या फोनवर बघा, झालं काम.

घड्याळवेडा

@डावा_पाय, एकट्यानं बघायचं तर ठीक आहे. चौघांनी मिळून ठरवायचं असेल तर एक सामाईक आधार लागतोच.

@मध्यरेषा, माझ्या मते पद्धत एकच. प्रत्येक सामन्याची मैदानावरची वेळ आणि तारीख घ्यायची, तिची यूटीसी (जगभरची सामाईक प्रमाण वेळ) करायची आणि तिथून प्रत्येकाच्या देशाची. दोन देशांत थेट बेरीज-वजाबाकी करायला गेलं की गोंधळ सुरू होतो.

या स्पर्धेत मैदानं चार वेगवेगळ्या वेळांत आहेत. न्यू जर्सी, बॉस्टन, फिलाडेल्फिया, मायामी, अटलांटा, टोरोंटो यूटीसीच्या ४ तास मागे. डॅलस, ह्यूस्टन, कॅन्सस सिटी ५ तास मागे. मेक्सिकोतली तिन्ही शहरं ६ तास मागे. लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को परिसर, सिॲटल आणि व्हँकूव्हर ७ तास मागे. इथे फसायला होतं ते मेक्सिकोपाशी. नकाशावर डॅलस आणि मेक्सिको सिटी साधारण एकाच उभ्या पट्ट्यात दिसतात, हिवाळ्यात दोघांची वेळही एकच असते. पण मेक्सिकोनं २०२२ मध्ये डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणं, बंद केलं (सीमेलगतची काही गावं सोडून), त्यामुळे उन्हाळ्यात डॅलस एक तास पुढे असतं.

भारतातल्यांसाठी हिशोब: पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, टेक्ससच्या वेळेत साडेदहा, मेक्सिकोच्या वेळेत साडेअकरा, कॅलिफोर्नियाच्या वेळेत साडेबारा. शेवटचा तर तोंडी होतो: सकाळ-रात्र उलटी करा आणि अर्धा तास पुढे जा. रात्रीचे ९ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ.

चांदणवेल

वाचनखूण साठवली. तोंडी हिशोब फार आवडला!

निशाचर

वेळेपेक्षा तारखेनं जास्त घात होतो, हे ठासून सांगतो. उद्घाटनाचा सामना मेक्सिको सिटीत गुरुवार, ११ जून, दुपारी १ वाजता. भारतात तेव्हा १२ जूनचे रात्रीचे साडेबारा. आता हे "गुरुवारी रात्री साडेबारा" असंही लिहितात आणि "शुक्रवारी रात्री साडेबारा" असंही. दुसरं वाचणारा माणूस शुक्रवारी जेवणखाण उरकून टीव्हीसमोर बसतो, तेव्हा सामना संपून जवळपास एक दिवस झालेला असतो.

म्हणून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक सामन्यासाठी मी "गुरुवार-शुक्रवार दरम्यानची रात्र, ००:३०" असंच लिहितो आणि इतरांनाही तसंच लिहायला लावतो. लिहायला लांबलचक आहे, पण वाचणारा चुकत नाही. अंतिम सामन्यालाही तेच: न्यू जर्सीत रविवार, १९ जुलै, दुपारी ३. भारतात रविवार-सोमवार दरम्यानची रात्र, ००:३०. कार्यालयात रजा सोमवारची टाका!

पेनल्टीबॉक्स

निशाचर यांना दणदणीत अनुमोदन. आणि २४ तासांचं घड्याळ वापरा. "१२ वाजता" म्हणजे दुपारी की रात्री, हा वाद तिथेच मिटतो.

कोडवाली

@डावा_पाय, फोन आपोआप बदलून देतो हे खरं, पण तो कशाच्या आधारावर बदलतो ते बघा. प्रत्येक फोनमध्ये जगभरच्या वेळांच्या नियमांची एक सारणी असते. कुठल्या देशाची घड्याळं कधी पुढे-मागे होतात, याची नोंद त्यात असते. एखाद्या देशानं नियम बदलला की ती सारणी अद्ययावत व्हावी लागते. जुन्या फोनला वर्षानुवर्षं अपडेटच मिळाला नसेल तर त्याच्या लेखी मेक्सिको अजूनही जूनमध्ये एक तास पुढे आहे. मैदानावरची वेळ घालून सामना कॅलेंडरमध्ये टाकला की असा फोन उद्घाटनाचा सामना भारतात ००:३० ऐवजी २३:३० ला दाखवेल.

दुसरं म्हणजे काही संकेतस्थळं वेळ ठरवतात ती तुमच्या घड्याळावरून नाही, तर इंटरनेट जोडणी कुठल्या देशातून येते त्यावरून. कंपनीचं व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारी सोय) चालू असेल तर तुम्ही बसलेले एका देशात आणि वेळ दिसते भलत्याच देशाची. सामन्यांचं पान उघडलं की "दाखवलेली वेळ अमुक क्षेत्राची" अशी ओळ आधी शोधा. ती नसेल तर तुम्हाला पक्की ठाऊक असलेली एखादी वेळ ताडून बघा. अंतिम सामना १९:०० यूटीसी, ही खूण त्यासाठी सोयीची आहे.

आणि तीन अक्षरी संक्षेपांवर तर अजिबात विसंबू नका. आयएसटी भारताचंही आहे, इस्रायलचंही आणि आयर्लंडचंही. सीएसटी अमेरिकेच्या मधल्या भागाचंही आणि चीनचंही. अमेरिकेत भर उन्हाळ्यातही लोक सवयीनं "ईएसटी" लिहितात. काटेकोर अर्थानं ती हिवाळी वेळ, यूटीसीच्या ५ तास मागे. तुम्ही ते अक्षरशः धरून हिशोब केलात की तासाभराचा फरक पडला. त्याऐवजी शहराचं नाव लिहा. "न्यूयॉर्क वेळ" म्हटलं की उन्हाळा-हिवाळ्याचा प्रश्नच उरत नाही.

डावा_पाय

@कोडवाली, व्हीपीएनचा मुद्दा पटला. पण या स्पर्धेच्या मधेच कुठे घड्याळं बदलणार आहेत? नाही ना? मग एकदा तपासलं की महिनाभर चिंता नाही.

घड्याळवेडा

बरोबर. जून-जुलैमध्ये यजमान देशांत किंवा मध्यरेषाताईंच्या चार ठिकाणी घड्याळं बदलत नाहीत. खरी गंमत मार्चमध्ये असते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोघांतलं नेहमीचं अंतर एका तासानं कमी असतं. शरद ऋतूत उलट: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी मार्चमध्ये राखून ठेवलेले दिवस बरोबर या बदलावरच येतात. २०२६ च्या विश्वचषकासाठी युरोपातले प्ले-ऑफ बघा: उपांत्य सामने २६ मार्चला, अंतिम ३१ मार्चला, आणि मधे २९ तारखेला युरोपची घड्याळं पुढे. मध्य युरोपात २०:४५ ला सुरू होणारा सामना २६ च्या रात्री भारतात ०१:१५ ला आणि ३१ च्या रात्री ००:१५ ला. त्यांच्या वेळापत्रकात काहीच बदललेलं नसतं, आपल्याकडे मात्र तासाचा फरक. चॅम्पियन्स लीगच्या रात्रीही तशाच: २१:०० चा सामना हिवाळ्यात आपल्याला ०१:३०, उन्हाळी वेळेत ००:३०.

उलट_गोलार्ध

दक्षिणेकडच्यांना विसरू नका हो. मी न्यूझीलंडमध्ये असते. आमची घड्याळं सप्टेंबरअखेर पुढे आणि एप्रिलच्या सुरुवातीला मागे येतात. युरोप पुढे गेला की आठवडाभरात आम्ही मागे येतो, म्हणजे लंडनशी अंतर १३ तासांवरून १२ आणि मग ११.

२०२३ चा महिलांचा विश्वचषक आमच्याकडे आणि ऑस्ट्रेलियात झाला तेव्हाची वाटणी बघा: न्यूझीलंड यूटीसीच्या १२ तास पुढे, सिडनी-ब्रिस्बेन १०, पर्थ ८ आणि ॲडलेड साडेनऊ. स्पर्धा हिवाळ्यात असल्यामुळे निदान डेलाइट सेव्हिंग नव्हतं. अंतिम सामना सिडनीत रात्री ८ ला, म्हणजे भारतात दुपारी साडेतीन. भारतातल्यांनी अशा सोयीच्या वेळेचा फायदा घेऊन तो बघितला असेल अशी आशा आहे. स्पेनच्या ओल्गा कार्मोनाचा तो एकमेव गोल काय सुंदर होता!

चांदणवेल

@उलट_गोलार्ध, बघितला तर! डावीकडून धावत येऊन खालच्या कोपऱ्यात मारलेला. पुढचा महिला विश्वचषक २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये आहे, तेव्हा आपली पुन्हा जागरणं.

रेफ्रीकाका

मंडळी, वेळा कोण ठरवतं यावरही बोला. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिकोत भर दुपारी १२ वाजता सामने ठेवले होते. अंतिम सामनासुद्धा १२ ला, मेक्सिको सिटीतल्या ॲझटेका मैदानावर. कारण उघड होतं, तेव्हा युरोपात संध्याकाळ आणि टीव्हीसमोर गर्दी. उंची आणि उन्हाचा त्रास खेळाडूंना. मॅराडोनानं त्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. १९९४ ला पॅसाडिनातला अंतिम सामना दुपारी साडेबाराला, मध्य युरोपात रात्रीचे साडेनऊ. १२० मिनिटं खेळून गोल नाही, याला उन्हाचा हातभार नव्हता असं मी तरी मानत नाही.

यंदाचा अंतिम सामनाही दुपारी ३ ला ठेवलाय. बघणाऱ्याची सोय खेळणाऱ्याच्या जिवापेक्षा मोठी नसावी, एवढंच माझं म्हणणं.

पेनल्टीबॉक्स

काका, आदर आहे, पण पूर्ण सहमत नाही. जग गोल आहे, कुणाची ना कुणाची तरी गैरसोय होणारच. २००२ ला योकोहामात रात्री ८ ला अंतिम सामना झाला तेव्हा युरोपात दुपारचा एक वाजला होता. तेव्हा युरोपच्या प्राइम टाइमसाठी कुणी सामना मध्यरात्री नेला नाही. शिवाय यंदा प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती आहे, सगळ्याच सामन्यांत.

रेफ्रीकाका

पाण्याची विश्रांती हवीच, तिचं स्वागत. पण ती उन्हावरचा उपाय आहे, दुपारची वेळ निवडण्याचं समर्थन नाही. असो, धागा वेळ तपासण्याचा आहे, इथे थांबतो.

निशाचर

काकांच्या मुद्द्यातून एक कामाची गोष्ट निघते: सामना किती लांबेल. दोन विश्रांती म्हणजे सहा मिनिटं वाढली. बाद फेरीत ३० मिनिटांचा जादा वेळ आणि मग पेनल्टी. रेकॉर्डिंग लावणार असाल तर ते कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळेला संपतं आणि शूटआउट हातचं जातं. शेवट दीड तासानं पुढे ढकलून ठेवा.

आणि हवामान! २०२५ च्या क्लब विश्वचषकात शार्लटला चेल्सी-बेनफिका सामना शेवटची काही मिनिटं उरली असताना विजांमुळे थांबला आणि जवळजवळ दोन तासांनी पुन्हा सुरू झाला. अमेरिकेत आसपास वीज पडली की खेळ निदान ३० मिनिटं थांबवतात आणि पुन्हा चमकली की ती ३० मिनिटं नव्यानं मोजतात. २०२४ चा कोपा अमेरिकाचा मायामीतला अंतिम सामना तर प्रवेशद्वारांवरच्या गोंधळामुळे सव्वा तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. तेव्हा छापील वेळ कितीही बरोबर असली तरी सामन्याआधी तासभर अधिकृत पान एकदा बघून घ्या.

मध्यरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. कोडवाली, कॅलेंडरची फाइल करून चौघांना पाठवली तर चालेल का?

कोडवाली

चालेल, पण आयात करू नका, सबस्क्राइब करा. आयात केलेली फाइल जशी घेतली तशीच राहते. सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर मूळ ठिकाणी बदल झाला की तुमच्याकडेही बदलतं. २०२२ ला कतारचा सलामीचा सामना एक दिवस अलीकडे, २० नोव्हेंबरला आणला, तो निर्णय ऑगस्टमध्ये जाहीर झाला होता. तोवर लाखो लोकांनी वेळापत्रकं उतरवून घेतली होती. बाद फेरीतही "अमुक गटाचा विजेता" याच्या जागी देशाचं नाव आपोआप येतं.

फाइल स्वतः करणार असाल तर प्रत्येक नोंदीत वेळेचं क्षेत्र घाला. ते नसेल तर २१:०० ही नोंद जर्मनीत २१:०० आणि न्यूझीलंडमध्येही २१:०० दिसेल. सगळ्यांत सोपं म्हणजे नोंदी यूटीसीमध्ये करा.

अदितीची_डायरी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल कुणीच बोललं नाही, प्रक्षेपणाबद्दल. मी इंग्लंडमध्ये आहे, इथलं सांगते. हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे "जगात कुठे दिसतं" याला अर्थ नाही, "मी बसलेय त्या देशात कुठे" हाच प्रश्न. इथे विश्वचषक कायद्यानं संरक्षित यादीत असल्यामुळे मोफत वाहिन्यांवर दिसतो. उलट शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपणच बंद असतं, १९६० च्या दशकापासूनची प्रथा. मैदानावर जाणारे लोक घरी बसू नयेत म्हणून. परिणाम असा, की प्रीमियर लीगचा ३ वाजताचा सामना भारतात टीव्हीवर दिसतो आणि मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला नाही!

तपासायची माझी रीत: आधी आयोजक संघटनेच्या पानावर देशवार प्रक्षेपकांची यादी, मग त्या प्रक्षेपकाचीच कार्यक्रमपत्रिका. तिसऱ्याच कुणाच्या यादीवर विसंबत नाही. आणि पत्रिकेतली वेळ बहुधा कार्यक्रमाची असते, किक-ऑफची नाही. आधी चर्चा, संघ, राष्ट्रगीतं, मग सामना.

पेनल्टीबॉक्स

त्यात एक भर. गटसाखळीच्या शेवटच्या फेरीत एका गटाचे दोन्ही सामने एकाच वेळी असतात. १९८२ ला गिहोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला अल्जीरियाचा निकाल आदल्या दिवशीच ठाऊक होता. जर्मनीचा लवकर गोल झाला, तेवढ्यावर दोघंही पुढच्या फेरीत जात होते, आणि मग दोघांनी उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात काढला. अल्जीरिया बाहेर. त्या अन्यायानंतर हा नियम आला आणि तो आलाच पाहिजे होता. यंदा ही फेरी २४ ते २७ जून, रोज सहा सामने, दोन-दोनच्या जोड्यांनी. त्या चार दिवसांसाठी कुठला सामना कुठल्या वाहिनीवर, हे वेगळं तपासून ठेवा, मुख्य वाहिनीवर एकच असतो.

उलट_गोलार्ध

मध्यरेषा, फोनवर बोलत बघणार म्हणतेस तर सगळ्यांत मोठी अडचण अजून आलीच नाहीये: विलंब. उपग्रहावरून येणारं चित्र आणि इंटरनेटवरचं चित्र यांत सहज अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. आमच्या गटात एक जण "गोल!" म्हणून ओरडायचा तेव्हा माझ्या पडद्यावर अजून चेंडू मध्यरेषेवरच असायचा (तुझं नाव नाही, खरीखुरी मध्यरेषा).

आता आम्ही काय करतो ते सांगते. सामना सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात ०१:०० होताना प्रत्येकानं फोनवर "एक" म्हणायचं. जो सगळ्यांत शेवटी म्हणेल तो मागे. बाकीच्यांनी तेवढे सेकंद चित्र थांबवून पुन्हा सुरू करायचं. ०३:०० ला परत एकदा. मध्यंतरानंतर ४६:०० ला पुन्हा तपासायचं, कारण तोवर चित्र अडकून फरक पडलेला असतो. ज्याच्याकडे थांबवायची सोय नाही, त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. आणि स्कोअरच्या सूचना बंद, चौघांच्याही.

डावा_पाय

हे मात्र भारी आहे! आमच्या गटात आजच सांगतो.

मध्यरेषा

उलट_गोलार्ध, हे तर सोनं आहे, जसंच्या तसं उचलते. सगळ्यांच्या सूचना धरून अंतिम सामन्याची ओळ अशी झालीय, तपासाल का?

"अंतिम सामना. न्यू जर्सी, रविवार १९ जुलै, १५:००. यूटीसी १९:००. कॅलिफोर्निया रविवार १२:००. जर्मनी रविवार २१:००. भारत रविवार-सोमवार दरम्यानची रात्र, ००:३०. न्यूझीलंड सोमवार ०७:००. प्रक्षेपण: प्रत्येकानं आपल्या देशाचं स्वतः भरावं, आदल्या दिवशी पुन्हा बघावं."

घड्याळवेडा

पाचही बरोबर. यूटीसीला मात्र तारीख जोडा, १९ जुलै. मध्यरात्रीच्या आसपासच्या सामन्यांत तिथेही तारीख उलटते. ऑस्ट्रिया-जॉर्डन यूटीसीत १७ जून, ०४:०० आहे.

चांदणवेल

मध्यरेषा, पूर्ण झालं की इथेच टाक ना. आमचे दोघे कॅनडात आहेत, टोरोंटो आणि व्हँकूव्हर, त्यांचा रकाना मी भरून देते.

मध्यरेषा

नक्की. साखळीचे पहिले १३ दिवस भरून झालेत, २४ ते २७ जूनच्या जोड्या आज रात्री भरते. व्हँकूव्हरला कॅलिफोर्नियाचाच रकाना चालेल, तू फक्त टोरोंटोचा कर.